बेवारस खांब

अठ्ठ्याहत्तर साली नामांतराच्या रागापायी गावानं बौद्धवस्ती पेटवली, तेव्हा विझवायला कुणी फिरकलं नाही. पण वस्तीतल्या हजार वर्षं जुन्या कोरीव खांबाला धूर लागल्याचं कळताच परभणीहून पुरातत्त्व खात्याच्या साहेबांची जीप धावत आली. माणसांना पांघरायला गोधडी उरली नव्हती आणि खांब मात्र गोधड्यांत गुंडाळून ट्रकमध्ये चढला. वस्तीची लेक सगुणाबाई, तिच्या अंगाचा तिळपापड झाला, तो तेव्हापासून.

खांब कुठल्याशा पडलेल्या देवळाचा. छप्पन साली धर्म बदलला तेव्हा वस्तीनं त्याचा शेंदूर खरवडून काढला. काही जण तर तो फोडायलाच निघाले होते. सगुणाबाईचा बाप आडवा आला. "देव नसंल, साक्षीदार तर हाय," म्हणाला. वस्तीतल्या प्रत्येक लेकराला आत्यानं त्या खांबाला टेकवायचं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं नाव घ्यायचं, ही जुनी रीत. तेवढी राहिली.

जाळपोळीच्या पुढच्याच वर्षी तिचा भाऊ रंगनाथ याला मुलगी झाली. बोरीला दिलेली सगुणाबाई माहेरी ताडकळसला आली आणि अडूनच बसली. "खांबाबिगर मी नाव घेणार न्हाई."

"आक्का, खांब गेला परभणीला. लेकराला काय बिननावाचं ठेवायचं?"

"मग आपण बी जाऊ. एष्टी काय त्यायच्याच बापाची हाय?"

ताडकळसहून अर्धी वस्ती एष्टीत बसली. परभणीच्या एका सरकारी बागेत खांब उभा होता. भोवती कमरेइतकं कुंपण, पुढं पाटी. रंगनाथनं ती हळूच वाचली, "बेवारस अवस्थेत सापडलेला प्राचीन स्तंभ."

"काय? पुन्हा वाच," सगुणाबाई म्हणाली. त्यानं वाचलं. तिचा चेहरा लालबुंद झाला.

तेवढ्यात राखणदार बन्सीधर काठी आपटत आला. "लांब व्हा बाई! हात लावायला मनाई हाय."

"दादा, याला धरून मी उभं राहायला शिकले. तवा कुठं होते तुमचे साहेब?"

बन्सीधरनं तिच्याकडं बघितलं, मागच्या गर्दीकडं बघितलं आणि आवाज उतरवला. "बरं, काय करायचं ते उरका. पण नाव हळू घ्या. साहेब आत हापिसात बसलेत."

"हळू?" सगुणाबाई कडाडली. "चोरीचं हाय का नाव?"

तिनं लुगड्याचा ओचा खोचला आणि सरळ कुंपण ओलांडलं. भावजयीकडून लेकरू घेतलं. खांबाच्या एका अंगाला धुराचा काळा डाग अजून होता. तिथंच तिनं लेकराचं कपाळ टेकवलं. एवढा वेळ धरलेलं रडू आलंच, पण आवाज फुटला तो सगळ्या बागेला ऐकू गेला.

"संघमित्रा! संघमित्रा रंगनाथ खिल्लारे!"

बायांनी कुंपणावरून हात घालून रीतीप्रमाणं आत्याच्या पाठीत धबाधबा बुक्के घातले. लेकरू भेदरून रडायला लागलं. गलका ऐकून साहेब बाहेर आले.

"काय गोंधळ चाललाय इथं?"

सगुणाबाईनं लेकरू खांद्यावर घेतलं, डोळे पुसले.

"गोंधळ न्हाई साहेब, बारसं हाय. ती पाटी तेवढी बदला. वारस आलेत."