माशांच्या दिव्याचा टायमर

लुसाकाच्या चिलेंजे भागात रात्री दिवा बंद करून झोपणारा माणूस एक तर श्रीमंत असतो, नाही तर वेडा. वीज कधी येईल हे वीज कंपनीलाही ठाऊक नसतं. आली की थोडा वेळ थांबते आणि चहाला नको म्हणणाऱ्या पाहुण्यासारखी उठून जाते. तेवढ्यात घेवडा शिजवायचा, इस्त्री करायची, मोबाइल भरून घ्यायचा. म्हणून घरोघरी झोपताना एका दिव्याचं बटण चालू ठेवतात. तो पेटला की उठायचं आणि कामाला लागायचं. बाकी सगळे प्लग मात्र काढून ठेवायचे, कारण वीज येताना पहिला झटका असा देते की फ्रिज जागच्या जागी जळतो.

गेर्शोम कापासाच्या घरात हा राखणीचा दिवा म्हणजे माशांच्या टाकीवरचा दिवा. टाकी बैठकीच्या खोलीत, झोपायच्या खोलीच्या अगदी समोर, आणि मध्ये दार नाही, नुसता पडदा. दिवा पेटला की उजेड थेट डोळ्यांवर यायचा. मग गेर्शोम उठून जुन्या मोटारीची बॅटरी चार्जरला लावायचा. तिच्यावरच टाकीतला हवेचा पंप रात्रंदिवस चालायचा.

टाकीत दोनच मासे होते, निळ्या पट्ट्यांचे, कपाळावर टेंगूळ असलेले, नर आणि मादी. ते टांगानिका तलावाच्या फार खोलातले. असा मासा एकदम वर ओढला तर त्याचं पोट फुटतं. पिंजऱ्यात घालून रोज थोडा थोडा वर आणावा लागतो. गेर्शोमचा मुलगा चिसंगा हेच काम करायचा. परदेशी व्यापाऱ्यांसाठी बुड्या मारायचा. ही जोडी त्यानं अशीच जपून वर आणली, आणि विकायची सोडून आईला, अग्नेसला, पाठवली. पुढे एका सकाळी तो पाण्यात उतरला तो वर आलाच नाही. प्रेतसुद्धा सापडलं नाही.

घरात कुणी गेलं की बैठकीतल्या खुर्च्या, सोफा, टेबल सगळं बाहेर अंगणात काढतात. बायका जमिनीवर बसतात, रडतात, माणसं येऊन जातात. अग्नेसनं सोफ्याला कुणाला हात लावू दिला नाही. कासामाहून दीर आले, नणंदा आल्या, सगळ्यांनी समजावून तोंडं दुखवून घेतली. तिचं एकच उत्तर होतं.

"त्यानं धरलेले मासे माझ्या हातचं खातायत. मी रडू कशाला?"

गेर्शोमला मुलगा गेल्याचं कळत होतं. तो तलाव त्याच्या ओळखीचा होता. पण बायकोसमोर ते बोलायची त्याची छाती नव्हती. आणि खरं सांगायचं तर त्यालाही ते मासे जगायला हवे होते, तिच्याइतकेच.

मादीनं अंडी घातली तेव्हा अग्नेस कितीतरी महिन्यांनी हसली. ही मासळी अंडी तोंडातच वागवते. पिलं पोहती होईपर्यंत काही खात नाही, तोंड उघडत नाही. पण एका रात्री वीज आली, डोक्यावर भसकन उजेड पडला, मादी दचकली आणि अंडी थुंकून मोकळी झाली. नरानं ती मटकावली. 

उपाय सोपा होता. झोपताना टाकीचा दिवा बंद करायचा. पण जन्माची सवय अशी जाते होय? गेर्शोम बटण बंद करायचा, आणि पाणी प्यायला उठलेली अग्नेस झोपेतच ते चालू करून यायची. तिनं बंद केलं तर हा चालू करायचा. सकाळी दोघं एकमेकांवर आळ घ्यायचे.

"तुमचाच हात गेला असणार."

"माझा कसा? मी तर घोरत होतो. तूच सांगतेस ना, मी घोरतो म्हणून!"

तेव्हा गेर्शोमनं ठरवलं, बटण आपल्या दोघांच्या हातात ठेवायचंच नाही. दिवसा पेटू देईल आणि रात्री काही केल्या पेटू देणार नाही, असा टायमर आणायचा.

पहिला आणला तो तबकडीचा, कडेनं दातांची रांग असलेला. त्याचं घड्याळ विजेवरच चालायचं. वीज गेली की तेही थांबायचं आणि वीज आली की राहिलं होतं तिथून पुढे चालायचं. आठवडाभरात त्याची दुपार मध्यरात्रीवर येऊन ठेपली.

"हा टायमर नाही, सरकारी कारकून आहे," अग्नेस म्हणाली. "साहेब असला तरच काम करतो."

आणि मादीचे गाल पुन्हा फुगले होते. तिनं दुसऱ्यांदा अंडी धरली होती.

गेर्शोम तडक 'कामवाला' नावाच्या बाजारात जेरेच्या दुकानी गेला. जेरे न्गोनी जमातीचा, गेर्शोम बेंबा; म्हणजे दोन्ही जमातींच्या जुन्या थट्टेच्या नात्यानं एकमेकांचा अपमान करायचा दोघांना पुरता अधिकार.

"या, माकडखाऊ! तबकडी परत आणलीत?"

"उंदीरखाऊ माणसाकडून माल घेतला, हीच माझी चूक. वीज गेली तरी वेळ विसरणार नाही असं काही आहे?"

जेरेनं आकडे दाखवणारे दोन काढले. "दोन्हींत आत बारीक सेल आहे. वीज गेली तरी घड्याळ चालू."

"सगळेच असं म्हणतात. प्लग ओढा."

जेरेनं ओढला. एकाचे आकडे तिथल्या तिथे पुसले गेले. दुसऱ्याचे अंधुक झाले, पण चालत राहिले. गेर्शोम स्टुलावर बसला तो उठेना. जेरेनं गिऱ्हाइकं केली, जेवण केलं, एक डुलकीही काढली. गेर्शोमनं तो टायमर परत विजेला लावला, काढला, उलटा केला, हलवला. वेळ मनगटावरच्या घड्याळाशी बरोबर जुळत होती.

"बायको करतानासुद्धा इतकं पाहिलं नसेल," जेरे म्हणाला.

"तिनं मला पाहिलं होतं. म्हणून तर अजून पस्तावतेय."

घरी टायमर लावताना अग्नेसनं नेमकी शंका काढली. "मग रात्री वीज आलेली आपल्याला कळणार कशी? दुसरा दिवा ठेवला तरी मासळी दचकणारच."

"चोलाच्या आईची पोरं आहेत ना," गेर्शोम म्हणाला.

शेजारच्या घरातली ती पोरं वीज आली की कितीही वाजले असले तरी "याब्वेला! याब्वेला!" म्हणजे "आली, आली!" असं किंचाळत सुटायची. त्या आरोळीनं मेलेलाही उठला असता. अग्नेसला ते पटलं. आणि खरंच सगळं झकास चाललं. पोरं ओरडायची, गेर्शोम अंधारात चाचपडत बॅटरी लावायचा, टाकी काळोखात शांत झोपलेली असायची. टायमर एका मिनिटानंही चुकला नाही. मादीच्या गळ्याखालची कातडी पातळ झाली आणि आत काळे ठिपके हलताना दिसू लागले. अग्नेस काचेला नाक लावून बसायची.

"पिलांचे डोळे दिसतायत हो! चिसंगाला सांगायला पाहिजे," ती एकदा बोलून गेली. गेर्शोम भांडी घासायला उठून गेला.

मग शाळांना सुटी लागली. चोलाची आई पोरांना आजोळच्या बसमध्ये बसवायला निघाली तेव्हा दोघं फाटकापर्यंत गेली. अग्नेसनं पोरांच्या खिशात शेंगदाणे भरले. गेर्शोमनं थोरल्याच्या पाठीवर थाप मारली. "आता जरा शांत झोप लागेल," असंही तो हसून म्हणाला. दोघांपैकी एकाच्याही डोक्यात काही आलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी गेर्शोमनं वीज कंपनीचा उद्धार केला. रात्रभर वीज आली नाही, असं त्याला वाटलं. पंपाचा आवाज मंदावला होता, पण बॅटरी अजून एक रात्र काढेल असा त्याचा हिशेब होता. त्याच्या पुढच्या सकाळी त्याला जाग आली ती शांततेनं. पंप बंद होता.

मोठा नर तळाशी आडवा पडला होता, मेलेला. मादी वर येऊन पृष्ठभागाला टेकली होती. गुदमरलेला मासा आ वासून हवा घेतो. ही तोंड घट्ट मिटून होती, नुसते कल्ले फडफडत होते.

गेर्शोमनं तांब्या घेतला आणि उंचावरून टाकीत पाणी ओतू लागला, हवा मिसळावी म्हणून. "बॅटरी आण कुणाची तरी!" तो ओरडला. अग्नेस अनवाणी शेजारी धावली.

चोलाची आई दारात इस्त्रीच्या कपड्यांची चळत घेऊन उभी होती. "बॅटरी? अगं, पण लावली नाहीत तुम्ही? दोन्ही रात्री वीज आली होती की! केवढा वेळ होती. माझे तर पडदेसुद्धा इस्त्री करून झाले."

अग्नेस बॅटरीशिवायच परत आली. "दोन्ही रात्री वीज आली होती," ती म्हणाली. गेर्शोमनं तिच्याकडे पाहिलं आणि त्याला सगळं उमगलं. तरी तो तांब्यानं पाणी ओतत राहिला. मनगट भरून आलं, जमिनीवर तळं साचलं. ऊन खिडकीत आलं तेव्हा कल्ले थांबले.

"तोंड उघडलं असतं तर जगली असती गं," तो म्हणाला. "टाकून द्यायची होती पिलं. मागच्या वेळी टाकलीच होती ना!"

अग्नेसनं मासळी ओंजळीत घेतली. अंगठ्यानं हलकेच जबडा उघडून पाहिलं. पिलं आतच होती. तिनं जबडा परत मिटला, दोन्ही मासे धुतलेल्या फडक्यात गुंडाळले आणि फडकं टेबलावर ठेवलं.

"टायमर मी नीट बघून आणला होता," गेर्शोम म्हणाला. "दिवसभर बसलो होतो त्या जेरेकडे."

"हो."

"त्याची काही चूक नाही. अजूनही बरोबर वेळ दाखवतोय बघ."

"हो," ती म्हणाली. "पोरांना निरोप द्यायला मीही होते."

त्याला वाटलं, ती आता आपल्याला शिव्या देईल. ती द्यावी असंच त्याला वाटत होतं. पण अग्नेसनं केसांचा रुमाल सोडून कमरेला घट्ट बांधला, सोफ्यावरच्या उशा उचलून बाहेर अंगणात नेऊन ठेवल्या आणि परत येऊन सोफ्याचं एक टोक धरलं.

"काय बघताय?" ती म्हणाली. "मला एकटीला उचलत नाही."

गेर्शोमनं दुसरं टोक धरलं.