गाडी घेऊन गेलेत

आपटाळ्याच्या वर, जिथं डांबर संपून नुसते दगड उरतात, तिथल्या वाडीत फोनला रेंज नाही. ती आहे फक्त टेपाडावरच्या हिरड्याखाली, आणि तीही वाऱ्याच्या मर्जीवर. मंगल रोज सकाळी शेणपाणी आटोपलं की त्या हिरड्याखाली जाऊन बसायची. पदरात दोन फोन, एक तिचा आणि एक नवऱ्याचा, गोरखचा. तिच्या फोनवर कुणाचं काही येत नसे. गोरखच्या फोनवर मात्र येई, आणि गोरखला जाऊन तर सहा महिने झाले होते.

गोरखनं वीस वर्षं जुन्नर ते घाटघर वडाप केलं. वडापची जीप म्हणजे पुढं चार, मधे पाच आणि मागं किती ते मोजायचं नाही. पाटी पिवळी, भाड्याच्या गाडीला असते तशी, आणि तिच्यावर काळे आकडे. त्या नंबराचं त्याला कोण कौतुक. रात्री जेवताना सांगायचा, "एमएच म्हंजी महाराष्ट्र. चौदा म्हंजी आपलं पिंपरीचं हापिस. मग दोन अक्षरं, मग चोपन्न एकोणीस. आख्ख्या देशात ह्या नंबराची दुसरी गाडी न्हाई, मंगल. गोरख काय, आपल्या वाडीतच तीन हायेत." जुन्नरच्या स्टँडवर तर त्याला नावानं कुणी हाकच मारत नसे. चोपन्न एकोणीस आला का, असंच विचारायचे.

मग छातीचं दुखणं निघालं. आषाढात त्यानं जीप लोणीच्या रामनाथला विकली. हा रामनाथ लग्नात वाजवणारी बँजो पार्टी घेऊन गावोगाव हिंडणारा. सौदा स्टँडवरच झाला, चहा झाला, हातावर हात पडला. कागदाचं नंतर बघू म्हणाले दोघं. आपल्याकडे 'नंतर' या शब्दाइतका आळशी शब्द दुसरा नाही. भादव्यात गोरख गेला आणि कागद तसेच राहिले. गाडी रामनाथच्या दारात, पण सरकारच्या दप्तरी मालक गोरखच. मंगलनं त्या रामनाथला कधी पाहिलंही नव्हतं.

दिवाळीनंतर पहिला मेसेज आला. वाहनमालक गोरख उतळे, आपण सिन्नर येथे सीट बेल्ट न लावता वाहन चालवले. खाली दंड, आणि फोटो. मंगल सातवी शिकलेली. तिनं तीनदा वाचलं. फोटोत चोपन्न एकोणीस स्पष्ट होती. काचेवर ऊन पडलेलं, काचेमागं चालवणारा माणूस म्हणजे नुसता एक करडा ढग. कोपर तेवढं खिडकीबाहेर काढलेलं. गोरखही असंच काढायचा. बेल्टावरून तर तिनं त्याच्याशी वीस वर्षं डोकं लावलं होतं.

ती हसली. मग तिला त्याचा राग आला, जिवंत माणसाचा येतो तसा.

त्यानंतर मेसेज येत राहिले. चाकणला फोनवर बोलत होता. खोपोलीला सिग्नल मोडला. प्रत्येक फोटोत तो करडा ढग. मंगल डोळे मिटून त्याच्यासोबत जायची. हिरड्याची सावली अंगावरून सरकायची, आणि खालचं भाताचं मोकळं खाचर तिला रस्त्यासारखं दिसायला लागायचं. तो कुठंतरी आहे, घरी यायला त्याला वेळ होतोय एवढंच. हे खोटं आहे हे तिला कळत होतं. कळतं म्हणून कुणी गोड स्वप्न मोडतं का?

माघात मेसेज आला तो अलिबागचा. फोटोत गाडीच्या मागं, दोन घरांच्या फटीत, निळं काहीतरी दिसत होतं. गोरख वीस वर्षं म्हणत आला होता, एकदा तुला समुद्र दाखवीन. शेवटी एकटाच गेला, असं तिच्या मनात आलं, आणि त्या दिवशी ती दुपारपर्यंत टेपाडावरून उतरली नाही.

असंच एकदा हिरड्याखाली गोरखचा फोनच वाजला. पलीकडे कुठल्याशा गावचा वाहतूक पोलीस.

"गोरख उतळे हायेत का? गाडी रस्त्यात आडवी लावलीय त्यांनी."

मंगलच्या तोंडून निघून गेलं, "न्हाईत घरी. गाडी घेऊन गेलेत."

"अहो बाई, गाडी माझ्यासमोर हाय. माणूस कुठंय?"

तिनं फोन दुसऱ्या कानाला धरला. मग ती हळूच म्हणाली, "येतील आता. तिथंच चहाला गेले असतील."

"लवकर या म्हणावं," असं बजावून पोलिसानं फोन ठेवला. मंगल कितीतरी वेळ तो फोन कानाला लावून बसली होती.

होळीच्या आधी जो मेसेज आला त्यानं मात्र सगळं विस्कटलं. मंचरच्या बायपासला ताशी सत्त्याण्णव. मंगलनं आकडा परत परत पाहिला. गोरख चाळिसाच्या पुढं कधी गेला नाही. गाडीत कुणाच्या पोटुशी सुना, कुणाची म्हातारी माणसं. "पोचायचं असतं, उडायचं नसतं," असं म्हणायचा तो. तिनं फोटो मोठा केला. तोच ढग, तेच कोपर. पण हा तिचा माणूस नव्हता.

धाकटा दीर गेणू लाकडाची मोळी टाकून तिथंच टेकला होता. तिनं मेसेज वाचून दाखवला तसा तो म्हणाला, "वैनी, आज फोटू निघाला. उद्या त्या गाडीनं कुणाला उडवलं तर पोलीस दादाच्या नावानं येतील. मेल्या माणसावर केस व्हईल. वीस वर्षांत त्यानं कुतरं मारलं न्हाई."

ते मंगलला लागलं. कागद बदलले की मेसेज थांबणार, आणि मेसेज थांबले की गोरख खरंच गेलेला असणार. न बदलावे तर त्याचं नाव दुसऱ्याच्या हातात, शंभराच्या वेगानं धावणार. नाव जपायचं की माणूस, असा तो पेच. रात्रभर तिचा डोळा लागला नाही. सकाळी तिनं गोरखच्याच फोनमधून 'रामनाथ लोणी' लावला.

"मी चोपन्न एकोणीसची बाई बोलतीये," ती म्हणाली. "माझा माणूस शंभरानं गाडी चालवत नव्हता. जुन्नरला आरटीओचा कॅम्प हाय सोमवारी. या."

सोमवारी तो कॅम्पच्या फाटकाशी उभा होता. मंगलनं आधी त्याच्या चपलांकडे पाहिलं. मान वर केली की तो ढग संपणार होता. मग केली एकदाची. पंचविशीचा पोरगा, गालावर तीळ, घाबरलेला. गोरखचं त्यात नावालाही काही नव्हतं. तिला तिथंच रडू फुटलं, आणि बिचाऱ्या रामनाथला वाटलं आपल्या वेगामुळंच.

"चुकलं ताई," तो म्हणाला. "वरातीला उशीर झाला व्हता. आन् त्या दिवशी पोलिसाला तुमी सांगितलं चहाला गेलेत म्हनून, मी खरंच चहाला गेलो व्हतो. आल्यावर तो म्हनला, गोरखराव, घरून बोलनी खाताल. मी गुमान हो म्हनलो. लई दिवस मनाला लागलंय ते."

टेबलापलीकडच्या साहेबांनी कागद उलटेपालटे करून विचारलं, "मालक कुठायत?"

गाडी घेऊन गेलेत, हे शब्द तिच्या अगदी जिभेवर आले. तिनं गिळले.

"वारले," ती म्हणाली. "भादव्यात."

सहा महिन्यांत हा शब्द ती पहिल्यांदाच उच्चारत होती. साहेबांनी मृत्यूचा दाखला मागितला, मागचे दंड रामनाथकडून भरून घेतले, वारसाच्या फॉर्मवर मंगलची सही घेतली आणि सांगितलं, "गाडी आधी तुमच्या नावावर होईल. मग ह्यांच्या नावावर करायला पुन्हा सही लागेल."

"आन् नंबर?" मंगलनं विचारलं.

"नंबर तोच राहतो. मालक किती का बदलेनात. तो गाडीचा असतो."

पंधरा दिवसांनी हिरड्याखाली तिचा स्वतःचा फोन थरथरला. कधी नव्हे तो. वाहन आपल्या नावे नोंदले गेले आहे. आणि पुढं मालकाचं नाव, मंगल गोरख उतळे. तिनं त्या तीन शब्दांवरून बोट फिरवलं. लग्नापासून हेच नाव ती रेशनकार्डावर, मतदानाच्या यादीत बघत आली होती, पण मधल्या शब्दाकडं तिचं कधी लक्ष गेलं नव्हतं. हा तर तिच्या नावाच्या आतच बसलेला.

रामनाथ दुसऱ्या सहीसाठी वाडीवर आला तेव्हा ती जीपभोवती एक फेरी मारून आली. पाटी नव्या पद्धतीची, कोरी करकरीत. आकडे तेच.

"आता गाडी कुणाची?" तिनं विचारलं.

"कागदावर तुमचीच की ताई."

"मग आधी अलिबाग. सही मागनं."

रामनाथ बोटांवर वार मोजायला लागला. मग म्हणाला, शुक्रवारी तिकडं लग्नाची सुपारी आहेच. बँजोवाले मागं बसले, मालकीणबाई पुढं. वाडीनं काय म्हणायचं ते म्हणून घेतलं. चाळिसाच्या वर काटा गेला की मंगल नुसती रामनाथकडं बघायची.

सही तिनं परतल्यावर रविवारी केली. सोमवारी सकाळी टेपाडावर तिच्या फोनला मेसेज आला. वाहनमालक मंगल गोरख उतळे, अलिबाग येथे आपल्या वाहनात पुढील आसनावरील व्यक्तीने सीट बेल्ट लावला नव्हता. तिनं फोटो उघडला. चोपन्न एकोणीस स्पष्ट होती. काचेवर ऊन होतं, आणि चालवणाऱ्याच्या शेजारी पदर सावरत, बेल्ट सोडून, खिडकीकडं अर्धी वाकलेली एक बाई होती, चेहरा नसलेली, नुसता करडा ढग.

मंगलनं तो फोटो गोरखच्या फोनवर पाठवला. मग दंड भरायला ती जुन्नरला गेली.