चाळीस घरांची कॅसेट

मी एक जुना टेपरेकॉर्डर आहे. बालमित्रांनो, आधीच सांगून ठेवतो, मला तुमचा राग येतो. तुम्ही आलात की कारण नसताना माझी बटणं दाबता, झाकण उघडून आत बोटं घालता आणि वर हसता. तरीही माझी हकिकत तुम्हालाच सांगणार आहे, कारण मोठ्या माणसांना सांगून काही उपयोग झालेला नाही.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते आठवत नाही. आठवतं ते बीडचं दुकान. १९९२च्या दसऱ्याला शिरूर कासारजवळच्या एका वस्तीतल्या चाळीस घरांनी वर्गणी काढून दोन टेपरेकॉर्डर एकदम घेतले. एक मी आणि दुसरा माझा जोडीदार. या वस्तीतली कर्ती माणसं दिवाळी झाली की ऊस तोडायला कोल्हापूरकडे जात आणि पाच-सहा महिने तिकडेच राहत. मागे म्हातारी माणसं आणि शाळेत जाणारी मुलं उरत. फोन नव्हता. पत्र लिहायला आणि वाचायला दोन्हीकडे माणूस शोधावा लागे. म्हणून जोडीदार ऊसतोडीच्या तळावर गेला, मी वस्तीतल्या छबुबाईंच्या ओसरीवर राहिलो आणि आमच्या दोघांमध्ये निरोपाची एक कॅसेट फिरू लागली.

कॅसेट नेण्याचं काम रामकिसन नावाचा एसटीचा कंडक्टर करी. तो ती बीडला दुसऱ्या कंडक्टरच्या हातात देई. पुढे ती अशीच हातोहात जाऊन शेवटी ट्रॅक्टरवाल्याबरोबर तळावर पोचे. आठ-दहा दिवस लागत, पण त्या प्रवासात कॅसेट कुणीही उघडत नसे.

छबुबाई तोंडाने फटकळ होत्या. आमच्या कॅसेटचे नियम त्यांनीच घातले होते. कुणाचाही निरोप मध्येच तोडायचा नाही, मग तो कसाही असो. साखराबाईने एकदा आपल्या जावेला चार मिनिटं शिव्या घातल्या. त्याही जशाच्या तशा कोल्हापूरला गेल्या आणि तितक्याच शिव्या परत आल्या. दुसरा नियम असा की, ज्याला निरोप मिळाला त्याने परतीच्या कॅसेटवर आपलं नाव घेऊन ‘पोचला’ म्हणायचं. बाकी काही बोलायचं नसलं तरी एवढं बोलायचंच. ‘पोचला’ आलं नाही, तर निरोप वाटेत हरवला असं धरून तो पुन्हा भरायचा.

दोन वर्षं माझं फार कौतुक झालं. दसऱ्याला माझी पूजा व्हायची. मला ती मुळीच आवडत नसे, कारण कुंकू स्पीकरच्या जाळीत जाऊन बसतं. पण खोटं कशाला बोलू, छाती फुगायची.

मग चहाची कंपनी आली. मुंबईची बडी कंपनी होती. तिचा एजंट जीपमधून उतरला, ओसरीवर बसला आणि गोड गोड बोलू लागला. ‘‘मशीन तुमचंच राहील. कॅसेटी आमच्या, फुकट. आमची जीप दोन दिवसांत पोचवेल. मध्ये फक्त बीडच्या डेपोत नक्कल काढू, आवाज साफ करू. सुरुवातीला आमच्या चहाची छोटीशी जाहिरात. बस्स!’’

छबुबाई म्हणाल्या, ‘‘आमचा निरोप तुमच्या डेपोत कशापायी उतरायचा? त्याला काय तिथं च्या प्यायचाय?’’

सगळे हसले, पण छबुबाईंवर. दोन दिवस आणि दहा दिवस यांतला फरक त्यांना कळत नाही, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं. रामकिसनला नारळ आणि टोपी देऊन मोकळं केलं. दोन वर्षं फुकट राबलेल्या माणसाची एका नारळात बोळवण झाली. मला त्या दिवशी पूर्ण वस्तीची चीड आली आणि ती अजून गेलेली नाही.

थोड्याच दिवसांत एजंट पुन्हा आला. ‘‘हे पोचला-पोचला कशासाठी? दहा मिनिटं वाया जातात. जीप आमची आहे, निरोप पोचणारच!’’ लोकांना ते पटलं. ‘पोचला’ बंद झालं. या वेळी छबुबाईही बोलल्या नाहीत, कारण एकदा त्यांचं हसं झालेलं होतं.

एक गोष्ट मला कळत होती आणि माणसांना कळत नव्हती. आवाज मध्येच तोडून पुढे जोडला की कॅसेटवर बारीक ‘खट्ट’ उमटतं. कंपनीच्या कॅसेटीवर अशी ‘खट्ट’ वाढत चालली होती. जाहिरात लांबत होती. आनंदाचे निरोप पुढे येत होते आणि रडके निरोप मागे जाऊन शेपटीला तुटत होते. मला सगळं ऐकू येत होतं. पण जे माझ्यात भरलेलं असतं तेवढंच मी बोलू शकतो. माझ्या जातीचा हा शाप आहे.

त्याच हंगामात धोंडीरामने कॅसेटवर निरोप भरला. धोंडीराम हा वस्तीतला म्हातारा. त्याचा मुलगा बजरंग आणि सून विजयमाला तळावर होते. नात आशामती त्याच्याजवळ राहून सातवीत शिकत होती. तो म्हणाला, ‘‘बजरंग, आशीला स्थळ आलंय. पोरगी वाढीला लागली, माझ्याच्यानं राखन व्हत न्हाई. तुमचं न्हाई असंल तर कळवा. काईच कळवलं न्हाई, तर मी व्हय म्हनतो.’’

चार दिवसांनी जीप परत आली. धोंडीराम माझ्यासमोर येऊन बसला. आधी चहाची जाहिरात लागली. ‘लगीनसराईची खास योजना! मुलीच्या लग्नात पाच किलोवर अर्धा किलो चहा फुकट!’ मग बारशाचा निरोप, नव्या बैलजोडीचा निरोप. मग ‘खट्ट’. मग पुन्हा लगीनसराईची योजना. विजयमालाचा आवाज नव्हता. म्हाताऱ्याने कॅसेट उलटीसुलटी करून दोनदा ऐकली आणि दुसऱ्या दिवशी सुपारी फोडली.

ही आनंदाची बातमी मात्र कंपनीने पहिल्या नंबरावर, न तोडता, तळावर पोचवली.

ती ऐकताच विजयमाला मिळेल त्या गाडीने निघाली. लग्नाला दोन दिवस उरले होते तेव्हा ती ओसरीवर येऊन उभी राहिली. पायांवर उसाच्या पाचटाचे ओरखडे तसेच होते.

‘‘मामा, म्या न्हाई म्हनलं व्हतं! तीनदा म्हनलं व्हतं. आशीला धाव्वीपस्तोर शिकवायची हाय म्हनलं व्हतं!’’

‘‘कवा म्हनलीस?’’ धोंडीराम म्हणाला. ‘‘ह्या कानानं ऐकलं न्हाई. लावा रे कुनीतरी ती कॅसेट.’’

कॅसेट लावली. तीन वेळा लावली. मित्रांनो, भर वस्तीत मी तीन वेळा अर्धा किलो चहा फुकट देऊ केला आणि त्या बाईचा एक शब्दही माझ्या तोंडून निघाला नाही.

‘‘टेप कशाला खोटं बोलंल?’’ गर्दीतून कुणीतरी म्हणालं. विजयमालाने माझ्याकडे पाहिलं. तिने मला उचलून दगडावर आपटलं असतं तर मला बरं वाटलं असतं. तिने तसं केलं नाही. बजरंग दुसऱ्या दिवशी आला, पण बापाने चारचौघांत दिलेला शब्द मोडायला तो तयार होईना. आशामतीचं लग्न झालं.

लग्नानंतर रामकिसन आपणहून बीडच्या डेपोत गेला. त्याला कुणी सांगितलं नव्हतं. कोपऱ्यात मूळ कॅसेटींचं पोतं पडलेलं होतं. तिथल्या कारकुनाने ते निमूटपणे देऊन टाकलं. त्याला त्यात लपवण्यासारखं काही वाटतच नव्हतं. ‘‘जागा पुरली नसेल,’’ तो म्हणाला. ‘‘रडके निरोप कमी करा, असं वरून आलंय. लोक रडले की चहा खपत नाही.’’

ती मूळ कॅसेट ओसरीवर लावली तेव्हा सगळी वस्ती जमली होती. जोडीदाराने तळावर भरलेला विजयमालाचा आवाज माझ्या तोंडून अखंड निघाला. ‘‘मामा, न्हाई. मामा, पाया पडते, न्हाई. आशीला धाव्वीपस्तोर शिकवायची हाय, न्हाई. आमी येईस्तोर व्हय म्हनू नका.’’ धोंडीराम भिंतीला टेकला. ‘टेप कशाला खोटं बोलंल’ म्हणणारा माणूसही तिथेच होता.

कंपनीची जीप पुढच्या वेळी आली तेव्हा छबुबाईंनी फुकटच्या सगळ्या कॅसेटी तिच्या टपावर फेकल्या. एजंट चिडला नाही. त्याने वहीत काहीतरी लिहिलं आणि जीप शेजारच्या गावाकडे वळवली. तिथे त्याचं हार घालून स्वागत झालं. याचा मला सगळ्यात जास्त राग येतो. कंपनीचं काहीही बिघडलं नाही.

आता मी म्हातारा झालो आहे. माझं एक बटण तुटलं आहे आणि ते तुमच्यापैकीच कुणीतरी तोडलं आहे. माझ्यावर दया दाखवू नका, मला ती नको. पण तुमच्या माणसांचा आवाज दुसऱ्याच्या गाडीत घालताना, ती कितीही चकचकीत असली, कितीही फुकट असली, तरी आधी विचारा की वाटेत ती कुणाच्या दारात थांबणार आहे. आम्ही हे विचारलं नाही. छबुबाईंनी विचारलं तर आम्ही हसलो.

पुढच्या हंगामात रामकिसनने पुन्हा कॅसेट न्यायला सुरुवात केली. विजयमाला त्या वर्षी ऊस तोडायला गेली नाही. आशामती मात्र सासरच्या टोळीबरोबर गेली होती. एके दिवशी ती तिकडच्या आमच्या लोकांच्या तळापर्यंत चालत गेली आणि माझ्या जोडीदारासमोर बसून बोलली. तो निरोप इकडे यायला अकरा दिवस लागले, पण त्यात कुठेही ‘खट्ट’ नव्हतं.

‘‘आई, मी आशी. मी बरी हाय. कोयत्यानं हाताला घट्टे पडलेत, पन दुखत न्हाई. आई, माझं सातवीचं दप्तर कुनाला देऊ नको.’’