चारचा भोंगा

ऑरिन स्कोव्ह सरांचं गावात वजन होतं, आणि ते त्यांना चांगलंच ठाऊक होतं. आयुष्यभर कॉलेजात इतिहास शिकवला, पळणाऱ्या मुलांचा संघ घडवला, वर गावच्या कौन्सिलवर निवडून आले. आणि तिथे जाऊन पहिलं काम काय केलं? तर चक्रीवादळाचा इशारा देणाऱ्या भोंग्याच्या चाचणीची वेळ बदलली! महिन्याच्या पहिल्या बुधवारी दुपारी बाराला चाचणीचा भोंगा वाजायचा आणि सरांच्या तासाचा पार विचका व्हायचा. सरांनी चाचणी चारवर नेली. चारला त्यांची मुलं शेतातल्या रस्त्यावर पळत असायची. त्यांना सरांनी ठणकावलं, "भोंगा वाजला म्हणून पाय थांबवायचा नाही. थांबला तो संघाबाहेर."

मे महिन्यातल्या त्या बुधवारी मुलांना रस्त्याला लावून सर कौन्सिलच्या कचेरीत आले. वारा पडला होता, जीव नुसता घुसमटत होता. चार वाजले आणि भोंगा सुरू झाला.

"बघ, वेळेचा कसा पक्का आहे," सर कचेरी सांभाळणाऱ्या डोरिसला म्हणाले.

डोरिसचा चेहरा पांढराफटक पडला होता. "सर, आज चाचणी नाहीये. आभाळ बघून मी सकाळीच रद्द केली."

"मग हा कोण वाजवतंय?"

"अहो, खरा आहे तो! तळघरात चला, बघत काय बसलात?"

सर तळघराऐवजी दाराकडे धावले. मुलं थांबणार नव्हती. त्यांनीच तसं शिकवलं होतं.

"मरायचंय का तुम्हाला?" डोरिस ओरडत राहिली. सरांनी पिकअप काढलीसुद्धा.

आभाळ डबक्यातल्या शेवाळासारखं हिरवं झालं होतं. टपोऱ्या गारा काचेवर आपटत होत्या. आधी दिसली ती रोझेल, सगळ्यांत मागे पडणारी. सोमवारीच सरांनी तिला झापलं होतं, "पुन्हा चालताना दिसलीस तर घरी बस." सरांनी खिडकीतून हात हलवला, ओरडले, "चरात पड! खाली पड!" वाऱ्यात काय ऐकू येणार, कपाळ! कोच हात हलवताहेत म्हणजे पळ म्हणताहेत. रोझेलने मान खाली घातली आणि वेग वाढवला.

पुढच्या मुलांनीही तेच केलं. पुढून पावसाचा काळा पडदा येत होता, त्यात कुणाच्या तरी गोठ्याचे पत्रे गरगरत होते, आणि पोरं सरळ त्याच्याच दिशेने सुसाट निघाली.

सरांनी गाडी पुढे घालून रस्त्यात आडवी लावली, उतरले आणि स्वतः कडेच्या चरात पालथे पडले. संघाची म्होरकी जनेल क्षणभर बघतच राहिली. मग तिने उडी टाकली, तिच्यामागे बाकीच्यांनी.

सरांनी डोकं वर काढलं. रोझेल अजून पळत येत होती.

"थांब! अगं, थांब!" सर उठून धावले. तिला कवटाळून ते चरात कोसळले, आणि वर जो गडगडाट झाला त्यात भोंगाही बुडाला. सरांना वाटलं, संपलं सगळं.

आवाज ओसरला तेव्हा पिकअप रस्त्यावर नव्हती. सरांनी एकेकाचं नाव घेतलं. एकेकाने रडत ओ दिली. रोझेलच्या कपाळातून रक्त येत होतं, दम लागला होता.

"कोच," ती म्हणाली, "आज मी एकदाही थांबले नाही."