पाणवठ्याकडे रोखलेली दुर्बीण

मित्रांनो, क्षणभर डोळे मिटा. चैत्रातलं वाळलेलं रान आहे, तुमच्या घशाला कोरड पडली आहे आणि समोर थोडंसं पाणी आहे. पण शेजारच्या झुडपांच्या जाळीतून कोणीतरी तुमच्यावर नजर ठेवून बसलं आहे. भीती वाटली ना? ती नजर म्हणजे मी.

मी एक जुनी दुर्बीण आहे. सुभेदार नानासोंबरोबर मी सरहद्दीवर वीस वर्षं काढली. "हिच्या जिवावर माझी तुकडी निवांत झोपती," असं ते म्हणत. पुढे ते पेन्शनीत निघून कडेगावजवळच्या आपल्या गावी आले आणि मी खुंटीला लागले. भिंगांवर बुरशी चढली. त्यांची दहा वर्षांची नात राजेश्वरी तेवढी मला पुसायची, गळ्यात घालून डोंगरावर न्यायची. तिथल्या सरकारी रानात शाळेच्या पोरांनी दगड रचून हरणांसाठी पाणवठा केला होता. राजीनंही घागरी वाहिल्या होत्या.

एकदा तिच्या चुलतभावानं, जयराजनं, विचारलं, "राजे, हरणं कुठं दिसत्यात गं?"

"माज्या पाणवठ्यावर! चल, दावते."

हरखलेल्या पोरीनं त्याला खुरांचे ठसे दाखवले, ताज्या लेंड्या दाखवल्या, हरणांची यायची वेळही सांगितली. जयराजनं खिशातून बिरोबाच्या भंडाऱ्याची पुडी काढली आणि एक चिमूट हवेत सोडली. पिवळी धूळ उजवीकडे गेली.

"म्हंजी उजव्या जाळीत दडायचं. डावीकडं बसलं तर माणसाचा वास पाण्यावर जातोय. जनावर फिरकत न्हाई."

"दडून काय करायचं, दादा?"

"बाण मारायचा, येडे! बंदूक गार्डाला ऐकू जाती, बाण मुका असतोय. नाना साताऱ्यास्नं डोळं दावून यायच्या आत उरकायचं. बोललीस तर बघ!"

राजी मला घेऊन घराकडे पळाली.

दुसऱ्या दिवशी सांजेला जयराजनं मला खुंटीवरून काढलं. जाळीत बसून त्यानं धनुष्याला बाण लावून ठेवला आणि मला डोळ्यांना लावलं. घळीतून हरणी आली, मागे पाडस. मी त्यांना इतकं जवळ आणलं, की पाडसाच्या नाकपुड्या हलताना दिसल्या. मित्रांनो, दुर्बिणीला डोळे मिटता येत नाहीत. तुम्ही मला जपा, असं मी म्हणणार नाही. बुरशी पुसता येते. पण तुमच्या डोळ्यांनी पाहिलेलं कुणाच्या हाती देता, ते मात्र जपा.

तेवढ्यात डावीकडच्या दगडावर राजी दिसली. घामानं निथळत होती. तिनं चिमूटभर भंडारा सोडला, धूळ पाण्यावरून गेलेली पाहिली आणि तिथंच मांडी घालून बसली.

हरणीनं नाक वर केलं. खूर आपटला. पाडसासकट ती घळीत दिसेनाशी झाली.

"राजे! ऊठ तिथनं!"

राजी उठली, सरळ जाळीपाशी आली आणि हात पुढे केला. "नानाची दुर्बीण दे. आन् खाली चल. त्यास्नी पाणी पिऊ दे."

शिकार हुकलेल्या जयराजनं बाण उतरवला आणि मला तिच्या हाती दिलं. तिनं मला गळ्यात घातलं आणि त्याला पुढे घालून डोंगर उतरायला लागली.