तेवत राहिला की तेवत ठेवला?

मित्रांनो, वर्गात फळ्याच्या बाजूला एक उंच लाकडी मेज असतं. त्याची वरची फळी उतरती असते, आणि तिच्यावर सरांचा चष्मा, पाण्याचा पेला आणि पिवळी पडलेली टिपणं असतात. ते मेज म्हणजे मी. एका कॉलेजात, साहित्याच्या वर्गात कित्येक वर्षं उभं असलेलं पोडियम. व्याकरणात मी नपुंसकलिंगी. पण वस्तूंनी आपली कहाणी सांगायला तोंड उघडलं की त्यांना ‘मी आलो, मी गेलो’ असंच बोलायला लावतात. का, ते मला कोणी सांगितलं नाही. मीही तसंच बोलणार आहे, पण मनातून मला ते खटकतं, एवढं ध्यानात असू द्या.

माझा जन्म कॉलेजच्या मागच्या पडवीत झाला. पहिले प्राचार्य ताडमाड उंच होते. सुताराने त्यांना ताठ उभं केलं, जमिनीपासून छातीपर्यंत दोरी धरली आणि त्या मापाने मला घडवलं. “साहेब, ही उंची सगळ्यांना चालेल ना?” त्याने विचारलं. “मला चालली म्हणजे सगळ्यांना चालली,” प्राचार्य म्हणाले. मग मला घासलं, पुसलं, पॉलिश केलं. उद्घाटनाच्या दिवशी पाहुण्यांनी माझ्यावरून हात फिरवला. “काय ऐटबाज काम आहे!” असं जो तो म्हणत होता. मी फुलून गेलो होतो. तारुण्यात कौतुक कोणाला नको असतं?

पुढे मी मोठ्या सरांच्या वाट्याला आलो. ते विभागाचे प्रमुख. आवाज खणखणीत, शिकवण्याची हौस दांडगी, आणि माणूस मनाने वाईट नाही, हेही सांगतो. पण त्यांची टिपणं कधी बदलली नाहीत. पाठ्यपुस्तकात एक गोष्ट होती, समुद्रकाठच्या दीपगृहाच्या रखवालदाराची. जोराचं वादळ येतं, एक बोट खडकांच्या दिशेने भरकटत असते, आणि रखवालदार नेमका तापाने फणफणलेला असतो. त्या गोष्टीतलं एक वाक्य मोठे सर दर वर्षी उभं राहून, डोळे मिटून म्हणायचे: “वादळ घोंघावत होतं, रखवालदार बेशुद्ध पडला होता, आणि तरीही पहाटेपर्यंत दिवा तेवत राहिला!” मग माझ्यावर मूठ आपटून म्हणायचे, “याला म्हणतात कर्तव्यनिष्ठा!” मुलं लिहून घ्यायची: कर्तव्यनिष्ठा.

अभ्यासक्रमाच्या अगदी शेपटाला आणखी एक घटक होता, स्त्रीवादी समीक्षेची ओळख. तिथवर पोचेपर्यंत वर्ष संपत आलेलं असायचं. मोठे सर घड्याळ बघत सांगायचे, “लिहा. स्त्रीवादी समीक्षा म्हणजे साहित्याकडे स्त्रियांच्या दृष्टीने पाहणारी समीक्षा. पूर्णविराम. झालं. आता महत्त्वाचे प्रश्न घेऊ.” एवढीच ओळख. रस्त्यात भेटलेल्या माणसाला नुसता हात करून पुढे जावं, तशी.

मग एका वर्षी नव्या बाई आल्या. त्यांची नेमणूक वर्षापुरती असायची आणि दर वर्षी तिच्यासाठी नव्याने अर्ज करावा लागायचा. मोठ्या सरांनी तो शेवटचा घटक त्यांच्याकडे ढकलला. पहिल्याच दिवशी बाई माझ्यामागे उभ्या राहिल्या आणि मागच्या बाकावरून आवाज आला, “बाई, तुम्ही आलात का?” वर्ग खो खो हसला. त्यांचं कपाळ तेवढं दिसत होतं. बाईही हसल्या, बाहेर आल्या आणि माझ्या शेजारी उभ्या राहिल्या. त्यानंतर त्या कधी माझ्यामागे गेल्याच नाहीत. मला राग आला. पण त्यांचा नाही, त्या दोरीचा.

आणि मित्रांनो, खरा वैताग तर पुढेच होता. बाईंचा अर्धा तास ही समीक्षा म्हणजे काय नाही, हे सांगण्यातच जायचा.

“बाई, म्हणजे पुरुषांनी लिहिलेलं सगळं टाकाऊ का?”

“नाही रे बाबा.”

“बाई, तुम्ही पुरुषांच्या विरोधात आहात का?”

“घरी नवरा आहे, भाऊ आहे. भांडते, पण विरोधात नाही. आता पुढे जायचं का?”

“बाई, हे किती मार्कांना आहे?”

हा शेवटचा प्रश्न नेहमी पहिल्या बाकावरून यायचा. तिथे बसणारी मुलगी दर परीक्षेत पहिली यायची, म्हणून तिचं नावच पहिली पडलं होतं. तिच्या विचारण्याला कारण होतं. घरी तिला सांगितलेलं होतं, पहिली येतेस तोवर शीक, नाहीतर कॉलेज सोडून घर बघ. तिचा भाऊ दोनदा नापास होऊन तिसऱ्यांदा बसला होता. त्याला कसलीच अट नव्हती. हे सगळं तिने एकदा मैत्रिणीला सांगितलं, माझ्या फळीला टेकून. माझ्यासमोर लोक बिनधास्त बोलतात.

बाईंच्या तिसऱ्या वर्षी, एके दिवशी त्यांनी ते प्रश्न बाजूला सारले आणि फळ्यावर मोठ्या अक्षरात मोठ्या सरांचं लाडकं वाक्य लिहिलं. म्हणाल्या, “दीपगृहाचा दिवा. जुना, तेलाचा. रात्रभर तेवायला हवा तर काय काय करावं लागेल?”

“तेल ओतावं लागेल.”

“वात कापावी लागेल.”

“काचेवर काजळी धरते, ती पुसावी लागेल.”

“आधी जिना चढून वर जावं लागेल,” वकील म्हणाला. हा मुलगा कशावरही हुज्जत घालायचा, म्हणून वकील.

“बरं. मग त्या रात्री हे सगळं कोणी केलं?”

“रखवालदाराने.”

“तो बेशुद्ध आहे.”

“मग देवाने,” मागून कोणीतरी म्हणालं. पुन्हा हशा.

पहिली मात्र हसली नाही. पुस्तकात बोट घालून ती हळूच म्हणाली, “बायको आहे ना घरात.”

“कुठे आहे? शोधा.”

पानं सळसळली. बायको सापडली. सुरुवातीला ती दार उघडते. मध्ये नवऱ्याच्या कपाळावर ओल्या फडक्याची घडी ठेवते. शेवटी त्याला पदक मिळतं तेव्हा तिचे डोळे भरून येतात.

“ती काही बोलते?”

“नाही.”

“नाव काय तिचं?”

पुन्हा शोधाशोध. “नाव नाही, बाई. बोटीला नाव आहे. कुत्र्यालाही आहे.”

बाईंनी खडू उचलला. ‘तेवत राहिला’ या शब्दांखाली रेघ ओढली आणि शेजारी लिहिलं, ‘तेवत ठेवला’. म्हणाल्या, “राहिला म्हटलं की करणारं माणूस लागत नाही. दिवा आपला आपण राहतो. ठेवला म्हटलं की लगेच विचारावं लागतं, कोणी? एका क्रियापदात एक अख्खी बाई गडप झाली. लेखक दुष्ट होता असं मी म्हणत नाही. गोष्ट मलाही आवडते, लहानपणी वाचून रडले होते मी. पण बोलतंय कोण, नाव कोणाला आहे, कोणाचं काम कामातच धरलेलं नाही, हे विचारत वाचायचं. आणि ही पुस्तकं अभ्यासाला कोणी निवडली, कोणाची वगळली, हेही. एवढीच ओळख आहे बघा.”

घंटा झाली. पण कोणी लगेच उठलं नाही. माझ्या इतक्या वर्षांत असं क्वचित घडलं होतं.

मग चाचणी आली. प्रश्न मोठ्या सरांचा: रखवालदाराचं कर्तव्यनिष्ठ व्यक्तिचित्र रेखाटा. पहिलीने लिहिलं की त्या रात्री कर्तव्य बजावलं ते रखवालदाराच्या बायकोने, आणि कथेच्या शब्दांतूनच ते कसं दिसतं, हेही दाखवलं. पेपर परत मिळाला तेव्हा त्यावर लाल शाईत शेरा होता, ‘कथेत नसलेले लिहू नये.’ मार्क निम्मे.

वर्ग रिकामा झाल्यावर ती बाईंसमोर पेपर आपटून म्हणाली, “तुम्ही शिकवलंत ते लिहिलं मी.”

“बरोबर लिहिलंस तू.”

“बरोबर लिहून मार्क गेले, बाई. मग चुकीचं काय लिहायला हवं होतं ते सांगा. तेही पाठ करते. माझा नंबर गेला तर घरी काय होईल, माहितेय तुम्हाला?”

बाईंनी पेपर उचलून घेतला. पुढच्या तासाला मोठे सर वर्गात आले, तेव्हा त्या तो घेऊन तडक त्यांच्याकडे आल्या. सर माझ्यापाशीच टिपणं लावत होते.

“सर, या मुलीच्या उत्तराबद्दल बोलायचं होतं.”

“नंतर बोलू हं, बाई. चर्चासत्राची गडबड आहे. आणि नवीन मुलांच्या डोक्यात असं काही भरवू नका. गोंधळतात बिचारी.”

मी तिथेच होतो, अगदी मधोमध. मला ओरडायचं होतं, अहो, गोंधळलेलं कोणी नाही, ऐका जरा! पण माझ्या अंगातून साधी करकरही निघाली नाही. वाळवीने पोखरलेला एक पाय तेवढा दुखत राहिला.

चर्चासत्राचा दिवस उजाडला. पाहुणे आले, सतरंज्या अंथरल्या गेल्या, मला पुसून माझ्यावर माईक बसवला. विषय तीच गोष्ट. मुख्य भाषण वकिलाचं, ‘कर्तव्यनिष्ठेचा दीपस्तंभ’. पहिलीकडे आभारप्रदर्शन. मुलींकडे स्वागत किंवा आभार, हा तिथला शिरस्ताच होता. मधलं बोलणं मुलांचं.

वकील झकास बोलला. टाळ्या पडल्या. मग पहिली आली. माझ्यामागे ती दिसेना, माईक वाकेना. तिने तो सरळ काढून हातात घेतला आणि पुढे येऊन उभी राहिली. पाहुण्यांचे आभार मानले, प्राचार्यांचे, मोठ्या सरांचे, खुर्च्या लावणाऱ्यांचे. लोक उठायच्या बेतात असताना ती म्हणाली, “आणि शेवटी आभार त्या बाईंचे, ज्यांनी दिवा तेवत ठेवला.”

लोकांना वाटलं, वीज खात्यातली कोणी असेल. थोडे हसले. पाहुण्यांनी मोठ्या सरांना विचारलं, “या कोण?”

“रखवालदाराची बायको,” पहिली माईकवरच म्हणाली. “नवरा बेशुद्ध होता. तेल घेऊन जिना चढली ती. रात्रभर काजळी पुसली ती. पदक नवऱ्याला मिळालं, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण तिचे आभार गोष्टीत कोणी मानले नाहीत, म्हणून माझ्याकडे आभाराचं काम आलंच आहे, तर मानून घेते.”

मोठे सर उभे राहिले. चेहरा लालबुंद. “कथेत असं कुठेही म्हटलेलं नाही!”

“मग जिना कोण चढलं, सर?”

सर पुस्तक उघडून पानं उलटू लागले. आणि तेवढ्यात वकील उठला. आता हा काय फाटे फोडतो, म्हणून माझा जीव टांगणीला लागला. तो पुस्तक चाळत, कपाळाला आठ्या घालून म्हणाला, “सर, मी पण शोधतोय. मुलगा शहरात असतो. मदतनीस आधीच काम सोडून गेलाय. घरात तिसरं माणूसच नाही.” मग स्वतःवरच चिडल्यासारखा बोलला, “माझं अख्खं भाषण वाया गेलं की हो.”

कार्यक्रम तसाच उरकला. लोक पांगले. वर्गात मोठे सर आणि बाई एवढेच उरले. सर माझ्या फळीवर दोन्ही हात टेकून बराच वेळ पुस्तकाच्या त्या पानाकडे बघत होते. एवढं थकलेलं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

“इतकी वर्षं शिकवतोय ही गोष्ट,” ते म्हणाले. “इतकं साधं होतं, तर तुम्ही मला आधी का नाही सांगितलंत?”

बाई सतरंजीची घडी घालत होत्या. त्या थांबल्या. “सांगितलं, सर. मी आले त्या वर्षी बैठकीत सांगितलं. गेल्या वर्षी स्टाफरूममध्ये. परवा इथेच सांगायला आले होते. दर वेळी तुम्ही म्हणालात, नंतर बोलू.”

सरांनी पुस्तक मिटलं. पहिलीचा पेपर मागवून त्यांनी मार्क वाढवले, पण तोवर यादी लागून गेली होती. पहिली दुसरी आली. घरी जे व्हायचं ते भांडण झालं, आणि माझ्या कानावर आलं त्यावरून अजून मिटलेलं नाही. पण ती वर्गात येते, पहिल्या बाकावरच बसते. त्या घटकाला पुढच्या वर्षापासून तास थोडे वाढवून मिळाले. बाईंना मात्र पुढच्या वर्षासाठी पुन्हा अर्जच करावा लागला, पहिल्या ओळीपासून.

मित्रांनो, जुन्या वस्तू शेवटी तुमच्याकडे काहीतरी मागतात. आम्हाला पुसा, आम्हाला जपा, असं म्हणतात. मला पॉलिश नको. मी इतकंच मागतो, गोष्ट वाचताना कोणाचं काम नुसतंच ‘होत राहिलं’ असं दिसलं, तर तिथे बोट ठेवून थांबा. आणि तुमच्या शेजारी उभं राहून कोणी पुन्हा पुन्हा तेच सांगत असेल, तर एकदा मान वळवून बघा. माझं कोणी ऐकलं नाही, याची मला तक्रार नाही. मी लाकूड आहे. बाई लाकूड नव्हत्या.