डोंगराचा पहिला चहा

“डबा डोक्यावर घे आन् खाली बघू नको. बघायचंच आसंल तर माझ्या टाचंकडं बघ,” छबूबाई खेकसली.

“आत्याबाई, मला न्हाई जमायचं. पाय आत्ताच कापाया लागल्यात.”

“मग उठीव बिभीषणाला. प्लास्टरच्या पायानं लंगडी घालत जाईल त्यो!”

सगळी वाडी ऐकत होती. मी तर शेजारीण, माझ्या दारातच उभी होते. दसरा झाला की आमच्या नगरकडच्या अकोले तालुक्यातल्या डोंगरात पाठीवर पिशव्या अडकवून शहरातली माणसं येऊ लागतात. छबूबाईचा चहाचा झाप, म्हणजे कुडाची झोपडी, पार वर, कड्याच्या टोकाला. पावसाळाभर बंद असतो. शनिवारी पहिला ग्रुप यायचा होता आणि नेहमी सोबत जाणारा तिचा मुलगा बिभीषण पाय मोडून खाटेवर पडलेला. राहिली सून विजयमाला. ती श्रीगोंद्याकडची, सपाट उसाच्या रानात वाढलेली. साधा जिना चढली तरी भिंत धरणारी. बिभीषण केव्हाचा म्हणत होता, झाप मोडू आणि नगरजवळ नागापूरला कंपनीत लागतो. विजयमालाला नागापूर म्हणजे स्वर्ग वाटायचा. म्हातारीला मात्र झाप मोडणं मरणाहून वाईट.

शेवटी निघाल्या दोघी. पुढचं मला विजयमालानंच सांगितलं, तेव्हा तुम्हीही आपल्यापाशीच ठेवा.

धुकं इतकं दाट की सासूच्या टाचांपलीकडं काही दिसेना. एका अर्थी बरंच, दरीही दिसत नव्हती. वाघोबाच्या शेंदूर लावलेल्या दगडाशी छबूबाई थांबली.

“आता हितनं झापापातूर तोंड उघडायचं न्हाई. चार म्हयने डोंगर एकलाच हुता, मानसाची सवय मोडलीया त्याची. पैला चहा त्याला वतायचा, मंग बोलायचं.”

“आन् पाय घसरला तर?”

“तर गप पडायचं.”

भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात ते खोटं नाही. पान हललं तरी विजयमालाला बिबट्या दिसायचा. चढता चढता मात्र धुकं खालीच राहिलं. समोरच्या डोंगरावर लख्ख ऊन आलं, यांच्या वाटेवर अजून कड्याची गार सावली होती. आणि उजव्या हाताची दरी तळापर्यंत उघडी पडली. विजयमालानं अंग कातळाला चिकटवलं.  म्हातारी आपली एका हातात काठी धरून, दुसऱ्या हातानं कातळ चाचपत तडातडा पुढं चालली होती.

तेवढ्यात विजयमालाला दिसलं, पुढं वाटच नव्हती. पावसानं वळण खरवडून नेलं होतं. तांबड्या मातीची घसरंडी सरळ खाली गेलेली. सासू थांबेल म्हणून ती बघत राहिली. सासू थांबेना. पायांना पाठ असलेल्या वाटेनं ती सरळ त्या खाईवर निघाली होती. वाघोबापाशी घातलेली न बोलण्याची अट आठवली, तिनं ओठ घट्ट मिटले. मग आवाज एकदमच फुटला.

“आत्याबाऽऽई! थांबाऽऽ!”

डोक्यावरचा साखरेचा डबा निसटला आणि दणके खात किती तरी वेळ खाली जात राहिला.

छबूबाई वळली ती तणतणतच. “बोललीस ना भवाने! आन् एवढ्या धुक्यात तुला दिसलं तरी काय गं?”



“आत्याबाई, धुकं कवाच सरलंय.”

 म्हातारीनं काठी पुढं टेकवून बघितली. काठी टेकलीच नाही. तशी ती मटकन खाली बसली.

“कवापास्नं दिसत न्हाई?” विजयमालानं विचारलं.

“शिमग्यापास्नं. डोळ्यांवर मळभ आल्यावानी हुतं. बिभीषणाला सांगू नको, विजे. झाप मोडंल त्यो.” मग म्हणाली, “फुडं तू हो.”

“मला लई भ्या वाटतंय.”

“मलाबी.”

छबूबाईच्या तोंडून हा शब्द वाडीत कुणी ऐकलेला नाही.

घसरंडीच्या वरच्या अंगानं, कारवीची झुडपं धरत, विजयमालानं वाट काढली. रडत काढली. तिचा पदर म्हातारीच्या मुठीत होता. झापात पोचल्यावर चूल पेटवली आणि डोंगराला बिनसाखरेचा चहा ओतला. “त्याची साखर त्यानं आदीच घेतली,” छबूबाई म्हणाली.

दिवस कलताना दोघी वाडीत उतरल्या, पदर तसाच मुठीत. आम्ही हसलो. सगळ्यात आधी मीच हसले.

“काय गं विजे, सासूनं शेळीवानी धरून आनली व्हय?”

“व्हय, लई भ्याले,” ती म्हणाली.

बिभीषणानं खाटेवरून विचारलं, “कसं झालं? न्हाई जमत तर सांग. मोडू झाप, जाऊ नागापूरला.”

म्हातारी उंबऱ्यातच थबकली. विजयमालानं तिचा हात धरून तिला आत घेतलं.

“आत्याबाई हुत्या म्हनून निभावलं,” ती म्हणाली. “दिवाळी झाली की त्यांना अकोल्याला न्यायचंय. माझं डोळं दाखवायला सोबत पायजे.”

शनिवारी पुन्हा दोघी निघाल्या. विजयमाला पुढं होती, आणि पाय तसेच लटपटत होते.